दोघींना लागलेली झोप

कासाबाईला आयुष्यात कुणी पोटभर झोपू दिलं नव्हतं. लहानपणी कोकरं राखायला उठावं लागे, लग्न झाल्यावर मेंढरांसाठी. मेंढपाळाच्या बाईचं असंच असतं. पाल उपटायचं, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, नवरा कळप घेऊन रानानं निघाला की आपण वाटेनं पुढच्या गावाला जायचं, आणि तिथं चूल पेटवते न पेटवते तोच दिवस मावळायचा. म्हणून स्वप्नंसुद्धा तिला चालता चालताच पडायची. डोक्यावर पाटी, मागं घोडं, वर ऊन, आणि बाई डोळे उघडे ठेवून भलतंच काही बघत चाललेली. एकदा अशीच वाट सोडून कोसभर परक्या शिवारात गेली. घोडंही बिचारं मुकाट्यानं तिच्यामागं गेलं. सासू केवळाबाईनं ती गोष्ट पुढं वर्षभर ज्याला त्याला सांगितली, तीही मीठमिरची लावून.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. मग एका पौषात तिला लेक झाली. तिचं नाव बायना ठेवलं. नऊ वर्षांनी झालेलं लेकरू म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. कासाबाई तिला झोळीत टाकायची आणि पुन्हा पुन्हा वाकून बघायची, आहे ना ही, खरंच आहे ना. नवरा मल्हारी हसायचा, पण पाठ वळली की तोही बघून यायचा.

शिमगा झाला तेव्हा त्यांची मेंढरं झरी गावी, वाडेवाल्या व्यंकटरावांच्या रानात बसली होती. निजामाचा अंमल असला तरी रानाला खत मेंढरांचंच लागायचं. जाळीची वाघर उभी करून तिच्यात कळप कोंडायचा, चार दिवसांनी वाघर पुढच्या तुकड्यात सरकवायची, आणि असं सगळं रान लेंड्या-मुतानं भिजवून काढायचं. कासाबाईचं पाल लिंबाखाली होतं. शेजारच्या तुकड्यात बायका हरभरा उपटायच्या, आणि बांधावर त्यांची लेकरं ओळीनं निजलेली असायची. कशी निजायची? आया कामाला लागायच्या आधी त्यांना बोटावर जराशी अफू चाटवायच्या. तेव्हा अफूचं रीतसर दुकान असायचं, आणि त्या बायांचंही कुठं काही चुकत होतं म्हणावं? लेकरू रडलं तर मुकादम घरी पाठवायचा.

कासाबाईला मात्र ते बघवायचं नाही. नऊ वर्षांनी झालेल्या लेकराला झोपेची मात्रा? केवळाबाई दोनदा म्हणाली की चाटव जरा, तुझं काम होईल. कासाबाईनं साफ नकार दिला. बायना रडली तर पाठीला बांधून काम करीन, पण अफू तिच्या जिभेला लागू देणार नाही, असं तिनं सगळ्या बायकांदेखत ठणकावून सांगितलं. त्याचा तिला अभिमानच होता.

आणि नेमकी तेव्हाच तिला हगवण लागली. आव पडायला लागली, पोटात असा मुरडा उठायचा की बाई दोन्ही हातांनी लिंबाचं खोड धरून उभी राहायची. दोन दिवसांत डोळे खोल गेले. ही खबर व्यंकटरावांच्या आईला, नर्मदाबाईला लागली. म्हातारी मनानं फार चांगली. तिचे गुडघे कायम दुखायचे, त्यावर ती रोज अफूची गोळी घ्यायची आणि त्यामुळे अफूवर तिचा देवाइतका भरवसा. तीन गोळ्या फडक्यात बांधून ती स्वतः रानात आली. म्हणाली, एक आज, एक उद्या, एक परवा, आव कुठल्या कुठं जाईल.

कासाबाईनं फडकं हातात घेतलं आणि विचारलं, "लेकराला न्हाई ना द्यायची?"

"न्हाई गं. तुला एकटीला."

मग काय हरकत होती? तिनं गोळी गुळात घालून गिळली.

अहाहा, काय झालं म्हणता! घडीभरात मुरडा थांबला. मग हातपाय हलके झाले. मग लिंबाची पानं आपापसात बोलायला लागली आणि कासाबाईला ते बोलणं कळायला लागलं. मेंढरं जमिनीवर पाय न टेकता चालत होती. लांबून घंटांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजातून तिची वारलेली आई तिला म्हणत होती, निज माझी बाय, निज, आज कुठं जायचं न्हाई. कासाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणी तिला उठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी उठवलं नाही.

उठली तेव्हा बायना अंगाशी लागून दूध पीत होती. तिनं पोटभर दूध पिऊ दिलं आणि दोघी पुन्हा झोपल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरी गोळी. आता आव थांबली होती, पण नर्मदाबाईनं तीन सांगितल्या होत्या आणि सांगितलं तसं करायचं असतं. खरं सांगायचं तर कासाबाईला त्या झोपेची ओढही लागली होती. त्या दिवशी बायनाही गुणी लेकरासारखी निजली. रड नाही, किरकिर नाही. दूध प्यायला मधे थोडी उठायची, चार घोट घ्यायची आणि तोंडात तसंच धरून पेंगायची. झोपेत हसायची. केवळाबाई कौतुकानं बोट नाकाला लावून म्हणाली, सटवाई खेळवायलीय तिला. लहान लेकरू झोपेत हसलं की सटवाई त्याच्याशी खेळत असते, तेव्हा त्याला उठवायचं नसतं, नाहीतर सटवाई रागावते. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कासाबाई पेंगुळल्या डोळ्यांनी लेकीकडं बघत पडली होती. आपल्याला दोघींना एकच स्वप्न पडतंय असं तिला वाटलं. तिला ते फार गोड वाटलं.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तिनं तिसरी गोळी घेतली.

दिवस कासराभर वर आला तेव्हा तिला जाग आली ती चोळी भिजल्यामुळं. पान्हा फुटून वाहत होता. छाती दगडासारखी झाली होती. तिनं विचार करायचा प्रयत्न केला, पण विचार हाती येईना. बायनानं कधी दूध पिलं? पहाटे? की काल दिवेलागणीला? तिनं झोळीत वाकून बघितलं. लेक निजली होती. ओठ जरा उघडे. छाती हलत होती, पण एक श्वास गेला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

"बायना," तिनं हाक मारली. मग गालाला हात लावला. मग तळपायाला चिमटा घेतला. पायही मागं ओढला नाही तिनं.

केवळाबाई चुलीपासून म्हणाली की खेळू दे, सटवाईचा खेळ मोडू नको.

कासाबाई लेकीला छातीशी धरून पालाबाहेर आली. बाहेर मल्हारी एका मेंढीपाशी बसला होता. ती मेंढी काल ओढ्याकाठी धोतऱ्याला तोंड लावून आली होती, आणि पिढ्यान् पिढ्या या लोकांची रीत अशी की मेंढी धोतरा खाऊन आली तर तिचं कोकरू तिला लावायचं नाही. मेंढी मोठी, ती झिंगून का होईना तगते. कोकरू तेच दूध पितं आणि मान टाकतं. म्हणून मल्हारी एका हातानं कोकराला अडवून दुसऱ्या हातानं तिचं दूध मातीत पिळत होता. कोकरू ओरडत होतं. पांढरी धार ढेकळावर पडत होती आणि जिरत होती.

कासाबाई ते बघत उभी राहिली. हे काम तिनं स्वतः शंभर वेळा केलं होतं. डोक्यातलं धुकं अजून सरलं नव्हतं, लिंबाची पानं अजून कुजबुजत होती, आणि त्या सगळ्यातून तिला एकदम लख्ख कळलं.

"अवो," ती म्हणाली, "म्या धोतरा खाल्ला."

मल्हारीला काही समजेना. त्याला वाटलं बाईला भ्रम झाला. पण तिनं लेक त्याच्यापुढं धरली आणि मग त्यानं त्या लेकराचा श्वास बघितला. मल्हारी मेंढपाळ होता. मान टाकलेलं कोकरू कसं दिसतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं. तो कळप केवळाबाईवर टाकून वाड्याकडं पळाला, आणि लेकीला घेऊन कासाबाई त्याच्यामागं.

व्यंकटरावांनी एक शब्द न विचारता गाडी जुंपायला लावली. परभणीला सरकारी दवाखाना होता, तिथं जायचं. नर्मदाबाई दारात आली, पोरीला बघितलं आणि मटकन खालीच बसली. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती की मी चांगल्यासाठी दिली गं, मी तुला एकटीला दिली. त्या म्हातारीवर रागवावंसं कुणालाही वाटलं नसतं. तेवढ्यात तिची नातसून धुरपताबाई आतून बाहेर आली. कडेवर सहा महिन्यांचा पोरगा. ती कुणाला न विचारता गाडीत चढून बसली. तिच्या सासूनं, व्यंकटरावांच्या बायकोनं, डोळे मोठे केले, कारण वाड्यातल्या बाईनं मेंढपाळाच्या लेकराला अंगावर घ्यायचं हे झरीत कधी कुणी बघितलं नव्हतं. पण धुरपताबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि गाडीवानाला म्हणाली, हाक.

वाटेत दोघी बायनाला उठवत राहिल्या. ओलं फडकं तोंडावरून फिरवायचं, तळपायाला टिचक्या मारायच्या, नावानं बोलवायचं. कासाबाईची स्वतःची मान मधेच लटकत होती. गाडी हिंदकळली की तिला वाटायचं आपण पाण्यावर आहोत, बायना हातातून सुटून त्या पाण्यावरून हळूहळू लांब चाललीय, हसत चाललीय, आणि ते बघायलाही गोड वाटतंय. मग ती स्वतःच्या दंडाला चावायची. असं ती परभणी येईपर्यंत चावत राहिली. दंडावरचे ते वण पुढं बरेच दिवस राहिले.

दवाखान्यातला डॉक्टर हैदराबादेकडचा होता. त्यानं पोरीचे डोळे उघडून बघितले आणि दरडावून दखनीत विचारलं की बच्चीला अफू किती चाटवली. त्याच्याकडं अशी लेकरं नेहमी यायची.

कासाबाईनं मान हलवली. "लेकराला न्हाई दिली. मला दिली. तिनं माझं दूध पेलं."

डॉक्टरनं एकदा तिचेही डोळे बघितले. मग तो भराभरा कामाला लागला. त्यानं पोरीला आत नेलं, आणि कासाबाईला बाहेरच्या फरशीवर बसवलं. ती बसली. तिनं सटवाईला हात जोडले आणि म्हणाली, रागाव, लय रागाव, पण तिला उठव. इतकी वर्षं देवाकडं मागितलं ते लेकरू रडू नये म्हणून लोक काय काय करतात, आणि आपण आता तिनं रडावं म्हणून भीक मागतोय, हे तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

दिवस कलल्यावर आतून आवाज आला. आधी बारीक, मग चांगला रागाचा. बायना रडत होती.

कासाबाई उठून धावली, चोळीची गाठ सोडतच धावली, आणि डॉक्टरनं तिला दारातच अडवलं. त्यानं सांगितलं ते असं: पोरगी शुद्धीवर आली आहे, पण तुझ्या अंगातली अफू अजून गेलेली नाही. आजचा दिवस आणि उद्याचा दिवस हिला तुझं दूध नाही. तुझं दूध पिळून टाकत राहा, ठराविक वेळानं टाक, नाहीतर आटेल. तोवर दुसरीचं चालेल. परवा सकाळी मी बघीन आणि मग पाजायचं.

तो दिवस आणि दुसरा दिवस कासाबाईनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. धुरपताबाईनं बायनाला मांडीवर घेतलं आणि पाजलं. एका बाजूला तिचा पोरगा, एका बाजूला मेंढपाळाची पोरगी. कासाबाईनं तिच्या पायाला हात लावायला बघितलं तर तिनं पाय आत ओढून घेतले आणि म्हणाली की उगं काहीबाही करू नको. पण बायना खुळी नव्हती. पोट भरलं तरी तिला आईचा वास यायचा. ती मान वळवून कासाबाईकडं तोंड उघडायची, मिळालं नाही की रडायची. आणि कासाबाई दवाखान्याच्या मागं, भिंतीच्या कडेला उकिडवी बसून दूध मातीत पिळायची. लेकीचं रडणं भिंतीतून ऐकू यायचं. रडणं ऐकलं की पान्हा आणखीच दाटून यायचा. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते दूध ती मातीला पाजत होती. अफू उतरत होती तसं अंग दुखायला लागलं होतं, पोट पुन्हा कळायला लागलं होतं, लिंबाची पानं तर कधीच गप्प झाली होती. सगळं जसं होतं तसं दिसायला लागलं. तिला ते स्वप्न आठवायचं आणि शिसारी यायची.

तिसऱ्या सकाळी डॉक्टरनं तिचे डोळे बघितले, नाडी बघितली, हगवणीवर दुसरं औषध दिलं, ते पाजणाऱ्या बाईला चालतं असं दोनदा सांगितलं, मीठ घातलेली भाताची पेज प्यायला सांगितलं आणि पोरगी तिच्या हातात दिली. बायनानं आधी दोन घोट घेतले. मग तोंड काढून आईकडं बघितलं, आणि मग अशी चिकटली की सोडायला तयार नाही. नर्मदाबाईही नातसुनेला न्यायला तिथं आली होती. ती पुन्हा तेच म्हणायला लागली तेव्हा कासाबाईच म्हणाली, "मला उतार पडला की मोठ्या बाई. मधी लेकरू हाय, हे दोघींच्याबी ध्यानात आलं न्हाई."

हे इथंच संपायला हवं होतं. पण माणूस एकदा पोळलं की दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. कासाबाईनं त्या दिवसापासून औषध या गोष्टीचाच धसका घेतला. दवाखान्यातलं औषधसुद्धा तिनं वाटेत ओढ्यात ओतलं. नशीब की पेजेवर पोट थांबलं. त्यानंतर डोकं दुखो, दाढ ठणको, तिनं सुंठीचं बोटसुद्धा तोंडात घातलं नाही. माझं मी भोगीन, लेकराच्या तोंडात काही जायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

पाऊसकाळ संपताना त्यांचं बिऱ्हाड पाथरीकडं होतं, आणि तिथं तिला हिवतापानं धरलं. एक दिवसाआड हुडहुडी भरायची. दोन घोंगड्या टाकल्या तरी दात वाजायचे, मग अंगाची लाही, मग घाम. पाच पाळ्या झाल्या. बायना आता आठ-नऊ महिन्यांची होती, भाकरी कुस्करून घ्यायला लागली होती, पण खरी भिस्त अंगावरच. आणि अंगावरचं आटायला लागलं. ती ओढायची, मिळायचं नाही, चिडून चावायची. कासाबाईला उठवत नव्हतं. मल्हारीनं पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, पण बाई तापाची गोळी घ्यायला तयार नाही. केवळाबाईनं वेगळीच वाट काढली. औषध घे आणि पोरगी अंगावरून तोड, कडू औषधानं दूध विष होतं, आजपासून पोरीला शेळीचं पाज. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात गावच्या चावडीवर हिवतापाच्या गोळ्या वाटायला सरकारी डॉक्टर आला. मोठी रांग लागली. डॉक्टर मान वर न करता नाव विचारायचा, कपाळाला हात लावायचा, गोळ्या मोजून हातावर टाकायचा आणि म्हणायचा, पुढं. मल्हारीनं बायकोला आधार देऊन रांगेत आणून उभं केलं होतं. तो दिवस तापाच्या पाळीचा. तिचे दात वाजायला लागले होते. केवळाबाईनं बायनाला घ्यायला हात पुढं केले, कासाबाईनं दिली नाही.

तिला समोर दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही वाटांवर लेकरू उपाशी होतं. गोळी नाही घेतली तर आपण जाणार, मग ती कुणाची? गोळी घेऊन तोडलं तर आपण जगणार, आणि ती भिंतीपलीकडं रडणार. गोळी घेऊन पाजलं, तर? त्या तिसऱ्या वाटेवर तिला ते हसणारं, निजलेलं तोंड दिसायचं.

रांगेत तिचा नंबर आला. डॉक्टरनं नाव विचारलं, कपाळाला हात लावला, आणि गोळ्या पुढं केल्या. म्हणाला, पुढं.

कासाबाई हलली नाही. तिनं बायनाला त्याच्या टेबलावर, गोळ्यांच्या डब्याशेजारी बसवलं.

"साहेब," ती म्हणाली, "मला एकटीला देऊ नका. आमी दोघी हाव."

मागची रांग कुरकुरली. डॉक्टरनं त्या सकाळी पहिल्यांदा मान वर केली. आधी बाईकडं बघितलं, मग पोरीकडं. हातातल्या गोळ्या त्यानं पुन्हा डब्यात टाकल्या आणि विचारलं की केवढी आहे, अंगावर पिते का, दिवसातून किती वेळा, आतापर्यंत हिला काही झालं होतं का. कासाबाईनं त्याला अफूचं सगळं सांगितलं, रांग थांबवून, काही न लपवता, आपण ओढ्यात ओतलेल्या औषधासकट. त्यानं मधे तोडलं नाही. त्यानं पोरीला उचलून बघितलं, डोळे बघितले, पोट दाबून बघितलं. मग त्यानं नव्यानं गोळ्या काढल्या आणि सांगितलं की हे औषध म्हणजे अफू नव्हे. हे घेऊन पाजता येतं, तोडायचं नाही. तू बरी झालीस तरच हिचं दूध येईल. पण पोरगी नेहमीपेक्षा जास्त झोपली, प्यायला उठेना, किंवा अंगावर पुरळ आलं, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा. आणि ज्याच्याकडून कसलंही औषध घेशील त्याला आज सांगितलंस तसंच आधी सांगायचं.

तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

कासाबाईनं गोळी तिथंच तोंडात टाकली. कडवटपणानं तिचं सगळं तोंड वाकडं झालं. ती चावडीच्या पायरीवर बसली, पदराआड बायनाला घेतलं, आणि थंडीनं हुडहुडत, डोळे ताणून लेकीच्या पापण्यांकडं बघत राहिली. केवळाबाई पालाकडं चल म्हणाली, ती उठली नाही. रांग संपली, डॉक्टर गाडीत बसून गेला, अंगात ताप चढला आणि उतरला, चावडीची सावली पायरीवरून खाली सरकली, तरी ती तिथंच होती. बायना दोनदा निजली आणि दोनदा आपली आपण उठली. दुसऱ्यांदा उठली ती भुकेनं, आणि सगळं गाव ऐकेल एवढ्यानं रडायला लागली.